चौदावा फर्मा

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जिजाबाईंनी लाल पुस्तक सतरंजीच्या डाव्या बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

शेलूबाजारात दौलतरावांच्या बी-बियाण्याच्या दुकानाचा ओटा रविवारी रिकामा असतो. तिथे दर आठवड्याला दहा-बारा वाचक जमतात. त्या आठवड्यात विकत घेतलेली पुस्तकं सतरंजीच्या उजवीकडे, मागून आणलेली डावीकडे. कुठून मिळालं, कसं वाटलं, एवढं सांगायचं. शेवट मात्र कोणी फोडायचा नाही. हा नियम दौलतरावांचा, आणि कडक.

"आठवी वाचनारी मी," जिजाबाई म्हणाल्या. त्यांचा वांगी-मेथीचा मळा होता. "पर असा शेवट मी वाचला नाई कदी. दोन दिवस मेथी खुडताना तेच डोक्यात."

"म्हनून जुड्या बारक्या आल्या काय?" दौलतराव म्हणाले.

"तुमी बोलूच नका. तुमी तं रडले होते. तुमच्याच घरच्या ललिताबाईनं सांगतलं मले."

"कांदा चिरून राह्यलो होतो मी."

"तुमी? कांदा?"

ओटा हसला. बदरुद्दीन हसले नाहीत. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत त्याच पुस्तकाची शेवटची सोळा पानं होती.

मंगरूळपीरला त्यांचं बाइंडिंगचं दुकान. रद्दीतून, शाळांतून, वाचनालयांतून आलेली फाटकी पुस्तकं ते तीस वर्षं बांधत होते. सोळा पानांच्या एका घडीला फर्मा म्हणतात. फर्मे मोजून लावायचे बदरुद्दीननी, शिवायचे त्यांच्या बायकोने, लतीफाने. मग कापड, खळ आणि दाब पुन्हा बदरुद्दीनचा. एखादं पान फाटून गेलेलं असलं तर लतीफा कुठून तरी दुसरी प्रत मिळवून ते हाताने उतरवायची आणि जागेवर शिवायची. अक्षर असं, की लोक छापील सोडून तेच पान आधी बघत. "बदरुद्दीनभाईकडून आलं म्हंजे पुस्तक पुरं," असं तीन तालुक्यांत बोललं जाई. तीस वर्षांत एक पान हरवलं नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कोणी सांगू लागलं, की हातातलं काम थांबवून ऐकत मात्र.

लाल पुस्तक त्यांनीच रद्दीतून उचललं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, नाव गेलेलं, कादंबरी मात्र अख्खी. नावच ठाऊक नाही, तर दुसरी प्रत मिळायची कुठून? म्हणून फर्मे दोनदा मोजले होते. चौदा. दाबातून काढून पुस्तक थेट या सतरंजीवर आलं. मालकाची पाळी शेवटी, अशी ओट्याची रीत, त्यामुळे त्यांनी ते अजून वाचलं नव्हतं.

आणि आज सकाळी दोऱ्याचं रीळ शोधताना लतीफाच्या खणात, अगदी तळाशी, चौदावा फर्मा सापडला.

म्हणजे सतरंजीवरचं पुस्तक तेरा फर्म्यांचं होतं. आणि आठ जणांनी त्याच्या शेवटाची तारीफ केली होती.

जीपमधे येताना त्यांनी वाक्य जुळवलं होतं: चूक माझी आहे. ते बोलावं तर आठ माणसं चारचौघांत खोटी पडणार. न बोलावं तर तीस वर्षांचा शब्द खोटा पडणार.

"भाई, काहून गप?" दौलतरावांनी विचारलं. "आज तं तुमचा मान हाय. या ओट्यावर सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक तुमचं."

टाळ्या वाजल्या. बदरुद्दीननी मान खाली घातली.

"शिवन पाहा लागते एकदा," ते म्हणाले. "घरी नेतो."

"शिवनीले काय झालं? लोखंड हाय लोखंड!" जिजाबाई म्हणाल्या. "न्या, पर बुधवारी वापस करा. कामरगावची सुप्रिया वाट पाहून राह्यली."

परतीच्या जीपमधे पुस्तक त्यांनी छातीशी धरलं, पण उघडलं नाही. आपली चूक लोकांच्या गुडघ्यांमधे बसून पाहायची नव्हती.

दुकानात आल्यावर त्यांनी दिवा लावला आणि पुस्तक मागून उघडलं.

चौदावा फर्मा जागेवर होता. सोळा पानं, निळी शाई, लतीफाचं अक्षर. टाकेही तिचेच.

बदरुद्दीन स्टुलावर बसले. आठही जण खरं बोलले होते. त्यांनी पिशवीतली छापील पानं काढून शेजारी मांडली आणि ताडून पाहू लागले. पहिलीच ओळ वेगळी होती. दुसरीही. छापील पानांत कादंबरीतली विधवा सून विहिरीत जीव देत होती. लतीफाच्या पानांत ती त्याच विहिरीवर मोटर बसवून घेत होती, आणि दीर बांधावर उभे राहून बघत होते.

त्यांनी सोळाही पानं वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"लतीफा!"

ती आतून आली. हातात सुई होती.

"हा फर्मा गहाळ झाला, म्हनून तू मनानं शेवट लिहिला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ऊर अभिमानाने भरून आला होता. "आठ लोकं तारीफ करून राह्यले. मले सांगायचं नाई?"

"अजी, आपल्या दुकानात पान गहाळ होते काय?" लतीफा म्हणाली. "याचं नावच नव्हतं. चिठ्ठीवर काय लिहू? म्हनून खणात राह्यला."

"कोनती चिठ्ठी?"

तिने शिलाईच्या फळीखालची लोखंडी पेटी ओढून काढली आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ छापील फर्मे होते, दोऱ्याने नीट बांधलेले. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि साल.

"पटले नाई तेवढेच शेवट काढले," ती म्हणाली.

बदरुद्दीननी हात घालून सगळ्यात खालची चिठ्ठी वर काढली. तिच्यावर दुकान उघडलं त्या वर्षाचं साल होतं.