कोरी डबी

महायुद्धातली स्नायपर रायफल ग्लेबच्या भिंतीवर कधीची लटकत होती, पण तिच्या साफसफाईच्या संचातली तेलाची अस्सल डबी काही केल्या मिळत नव्हती. बाजारात दिसायच्या त्या एक तर नकली, नाहीतर गंजून गेलेल्या. त्यामुळे क्लावदिया आजींनी माळ्यावरून आपल्या थोरल्या बहिणीची, युद्धात स्नायपर असलेल्या तोन्याची, लष्करी पिशवी खाली काढली, तेव्हा त्याला जागेवर बसवेना. पुढ्यातला चहा निवत होता आणि टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता.

डबी निघाली. कारखान्याचा मेणकागद, वरची सुतळी, सगळं जसंच्या तसं.

“आजी, ही तर उघडलेलीच नाही!” तो ओरडलाच. “कोरी करकरीत! अशी अख्ख्या रशियात कुणाकडे नसेल!”

“बरं बरं. आधी चहा घे.”

चहा कुठला! त्याची बोटं सुतळीच्या गाठीवरून हलेनात.

“पण तुमची तोन्या भलतीच आळशी हो! गोळी झाडा नाहीतर नका झाडू, रोज संध्याकाळी रायफल पुसून तेल द्यायचंच, असा कडक नियम होता. चुकलं की शिक्षा. आणि या बाईनं डबी उघडलीसुद्धा नाही?”

आजींनी त्याच्या बशीत चमचाभर मुरंबा वाढला.

“आळशी नव्हती रे ती. आघाडीवर सकाळी पोचली होती. संध्याकाळ काही तिला दिसली नाही.”