डिकीचं नवं झाकण

ओहायोतल्या एका मक्याच्या शेतातून मी आणि माझा मेव्हणा रॉइसनं एक जुनी, दणकट इंजिनाची गंजकी मसल कार ओढून आणली. डिकीचं झाकण पार कुजलं होतं, म्हणून गॅरेजमध्ये आणल्यावर नवं बसवलं.

रंगाआधी पत्र्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासायचं असतं. जिथे उंचवटा असतो, तिथला काळा रंग आधी उडतो. घासताना झाकणाच्या मधोमध पाच ठिपके चकाकले. आतून बोटं टेकवल्यासारखे.

"ही तुझ्याच हातोडीची कला, व्हर्लिन!" रॉइस हसला.

मी ते ठोकून बसवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारा मारला. ठिपके परत आले, पण वीतभर खाली सरकून. डिकी उघडून पाहिली, तर रिकामी.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं घासत होतो, तेव्हा ते कुलपाला भिडले होते.

"उघडू?" मी विचारलं.

"हात लावू नकोस," रॉइस पुटपुटला. "आधी घासणं थांबव."

मी थांबलो. रॉइसचा पॉलिश पेपर तर केव्हाच खाली पडला होता.

घासल्याचा आवाज मात्र चालूच राहिला.