वरची खिडकी

"आता बघ," म्हणत बॅटरीवाल्यांनी नळीच्या टोकाशी जळती काडी धरली. टप्प असा बारीकसा आवाज झाला. त्यांनी काडी झटकून विझवली आणि मोठ्या ऐटीत आपल्या मुलीकडे पाहिलं.

"पेटलं?" मुलीने विचारलं.

"पेटलंय. दिवसा दिसत नाही, एवढंच. हात धर वर. फार जवळ नको."

तिने हात धरला आणि चटकन मागे घेतला. मग वाकून सगळा पसारा नीट पाहिला. बरणीतल्या पाण्यात दोन पोलादी पट्ट्या उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती बुडबुडे उठत होते. एका पट्टीवरचा हायड्रोजन वायू नळीत शिरून, मधल्या पाण्याच्या बाटलीतून गुडगुडत पुढे येऊन, लोखंडी पत्र्याखाली जळत होता. वीज येत होती ती त्यांच्या बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या जुन्या चार्जरमधून. जन्मभर बॅटऱ्या चार्ज करताना जो वायू बॅटरीवाल्यांनी वाऱ्यावर सोडला, त्याला म्हातारपणी कामाला लावायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"पाण्यात काय घातलंय?"

"धुण्याचा सोडा. आधी मीठ घातलं होतं. भलताच वायू निघाला. मांजर जे घर सोडून गेलं, ते रुसलेल्या जावयासारखं किती तरी दिवस फिरकलंच नाही."

मुलगी हसली नाही. तिने आणलेली रिकामी बॅग दाराशी उभी होती.

फोनवर ठरलेली पैज साधी होती. या खोलीत दोघांनी स्वेटर काढून चहा प्यायचा. जमलं, तर ती बॅग तशीच रिकामी परत नेणार आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर बाबा तिच्या घरी. गेल्या थंडीत त्यांची छाती भरली, तेव्हा ती नर्स असलेल्या वॉर्डातच त्यांना ठेवावं लागलं होतं. तशी थंडी तिला पुन्हा नको होती. आणि बाबांना हे घर सोडायचं नव्हतं. इथली वायर न् वायर त्यांनी स्वतः ओढली होती. अंधारातसुद्धा हात नेमका बटणावर पडायचा.

त्यांनी स्वेटर काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कप उचलला. मुलीने आपला काढला नव्हता. ती वर बघत होती.

"बाबा, ती वरची खिडकी उघडी आहे."

"असू दे."

"खोली तापवायची आणि खिडकी उघडी?"

"हा वायू कुठे गळला, तर वर जातो. छताशी साठला की एक ठिणगी पुरते. दुकानात चार्जिंगच्या खोलीची खिडकी मी कधी लावलेली आठवते तुला?"

"नाही. आम्ही डबा घेऊन यायचो तेव्हा तिथे दात वाजायचे आमचे."

"पण सगळे धडधाकट राहिलो की नाही?"

पत्रा तापला होता, यात शंका नव्हती. पण त्यावरची ऊब सरळ वर जात होती आणि खिडकीतून बाहेर पडत होती. मुलगी उठली. "चहापुरती लावते. तेवढ्यात काही होत नाही."

"हात लावू नकोस."

कामावरचा एक माणूस बिडी पेटवून चार्जिंगच्या खोलीत आला होता, तेव्हा ते ज्या आवाजात ओरडले होते, तोच हा आवाज होता. ती खाली बसली. पैज त्यांची होती, घर त्यांचं होतं, खिडकी लावली असती तर कदाचित जिंकलेही असते. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग कप दोन्ही तळव्यांत घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात मांजर आलं. पत्र्याजवळ थांबलं, हुंगलं, आणि पुढे जाऊन घुमणाऱ्या चार्जरच्या डब्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपलं. बॅटरीवाल्यांनी ते पाहिलं. मुलीनेही पाहिलं.

"एवढ्या विजेवर साधा हीटर लावला असता तर?" तिने हळूच विचारलं.

"हीटर काय, कोणीही लावतं."

आता मात्र तिला हसू आलं. तिने स्वेटर डोक्यावरून काढून बाजूला ठेवला आणि उरलेला चहा संपवला. "होतेय की खोली गरम," ती म्हणाली. "जिंकलात बाबा." आणि बॅग उचलायला दाराकडे वळली.

बॅटरीवाल्यांचं लक्ष तिच्या दंडांकडे गेलं. कोपरापासून वरपर्यंत काटा आला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी अर्धवट चार्ज झालेली बॅटरी पूर्ण म्हणून कुणाच्या हातात दिली नव्हती. पोरगी आपल्याखातर धडधडीत खोटं बोलतेय, हे कळलं आणि त्यांना भरून आलं.

त्यांनी चार्जरचं बटण बंद केलं. बुडबुडे थांबले, पत्र्याखाली पुन्हा एकदा टप्प झालं. मग तिचा स्वेटर उचलून त्यांनी तिच्या खांद्यावर टाकला.

"ज्योतीत खोट नव्हती," ते म्हणाले.

"मुळीच नव्हती."

"बॅग आण इकडे."

तिने बॅग त्यांच्यासमोर आणून ठेवली. त्यांनी मांजराला उचलून बाजूला ठेवलं आणि सगळ्यात आधी चार्जर बॅगेत घातला. मग पट्ट्या पुसून घेतल्या, नळी गुंडाळली आणि बरणी आपल्या एकुलत्या एका चांगल्या शर्टात लपेटली. मांजर बॅगेत उतरलं आणि अजून कोमट असलेल्या चार्जरवर जाऊन बसलं. त्याला कोणी हाकललं नाही.

"बाबा, कपडे?"

"होतील गं कपडे. आधी मला सांग," बरणीसाठी जागा करत त्यांनी विचारलं, "तुझ्याकडच्या खोलीची खिडकी केवढी आहे?"