चौदा तासांचा अंधार

"यात मीठ आहे," लेकीनं चहाचा कप खाली ठेवला.

"असेल. डबे सारखेच आहेत," आई म्हणाली आणि स्वतःचा कप शेवटच्या घोटापर्यंत पिऊन दाखवला.

लेक प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. पुराव्याशिवाय बोलायची नाही, आणि आज तिच्याकडे पुरावे होते. गेल्या आठवड्यात आई एका पायात काळी आणि दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल घालून बाजारात गेली होती. परवा जिन्यात शेजारीण समोर उभी असताना खुशाल पुढे निघाली. तिनं हाक मारली तेव्हा कुठे ओळख पटली. शिलाई मशीनवर तर दोन महिने झाकण होतं. "चाळीस वर्षं शिवलं, आता कंटाळा आला," एवढंच आई म्हणायची.

"आई, तू विसरायला लागली आहेस. माझ्याकडे राहायला चल."

"मी विसरते? शंभर गिऱ्हाइकांची मापं वहीत न लिहिता डोक्यात ठेवलीत मी. तुला तुझ्या नवऱ्याच्या शर्टाचं तरी माप माहीत आहे का?"

"उद्या गॅस चालू राहिला तर?"

"तर जळेन. पण माझ्या घरात जळेन."

आईशी वाद घालून कुणाचं भलं झालं नव्हतं, म्हणून लेक तयारीनिशी आली होती. तिनं पिशवीतून एक कुंडी काढली. जाड, गुबगुबीत पानांचं कलांचोचं रोप. कळी एकही नव्हती.

"नर्सरीवाल्यानं सांगितलंय, याला फुलं यायची तर संध्याकाळी पाच ते सकाळी सात पूर्ण अंधार हवा. चौदा तास. पाचला वर खोकं घालायचं, सातला काढायचं. दीड महिना, एकही दिवस न चुकता. आणि पाणी जास्त झालं तर कुजेल. फुलवून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही फुललं, तर सामान बांधायचं."

आईनं कुंडी मांडीवर घेतली. कापडाचा पोत बघावा तसं एकेक पान चिमटीत धरून चाचपलं.

"रंग कोणता?"

"लाल, म्हणाला."

"ठरलं. पण पाच वाजता फोनवर आठवण करून द्यायची नाही. तुझ्या आठवणीवर आलेलं फूल मला नको."

लेकीनं फोन केला नाही, पण न सांगता येऊन थडकायला सुरुवात केली. पहिल्यांदा आली ती संध्याकाळी सातच्या सुमारास. खोलीत मिट्ट काळोख होता. तिचा हात बटणाकडे गेला.

"दिवा लावू नकोस!" काळोखातून आई कडाडली. "खोक्याच्या फटीतून उजेड जातो. माझी मेहनत पाण्यात घालशील."

"मग तू अशी अंधारात बसणार?"

"झाडाला जमतं, मला जमायला काय झालं?"

लेकीचा गुडघा स्टुलावर आपटला. आईनं मात्र त्याच काळोखात सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आणला. या वेळी साखर होती. कप ठेवायला चाचपडत गेलेल्या लेकीचा हात साखरेच्या डब्याला लागला. त्याला आईनं कापडाची पट्टी बांधली होती आणि पट्टीवर एक मोठं बटण शिवलं होतं.

"ही कसली खूण?"

"तू पुन्हा मीठ पिऊ नयेस म्हणून."

दुसऱ्यांदा लेक भर पाचला आली. रेडिओवर बातम्या लागल्या आणि आई उठली. भिंतीला हात लावत खिडकीपर्यंत गेली, कुंडी उचलून वजन बघितलं, "जड आहे, आज पाणी नाही," असं पुटपुटत खोकं घातलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तेच. पाच म्हणजे पाच.

लेकीला खरं तर आई हरायला हवी होती. आई हरली असती तर निदान ती डोळ्यांसमोर राहिली असती. या विचाराची तिला लाज वाटायची, पण तो जायचा नाही.

कळ्या धरल्या तेव्हा आईनंच फरमान काढलं, "आता पूर्ण फुलल्यावरच ये. मधे मधे डोकवायचं नाही." आणि एका रविवारी सकाळी फोन आला, "ये. फुललंय."

खिडकीत स्वच्छ ऊन होतं. इस्त्रीची साडी नेसून आई कुंडीशेजारी ताठ बसली होती. दारातली चाहूल लागताच तिनं हनुवटी वर केली.

"बघ! विसरते म्हणे! एक संध्याकाळ चुकले नाही. कसं लालभडक फुललंय बघ! रस्त्यावरून जाणारे थांबून बघत असतील. कुठं जायची नाही मी इथून. म्हण, हरले!"

लेक दारातच थांबली. तिनं कुंडीकडे पाहिलं. मग साखरेच्या डब्यावरच्या बटणाकडे. मग झाकलेल्या मशीनकडे.

"म्हण की! दिसत नाही का तुला?"

लेक आत आली. आईसमोर जमिनीवर बसली आणि तिचा सुया टोचून टोचून खरखरीत झालेला हात आपल्या हातात घेतला.

"हरले," ती म्हणाली. "लालभडकच आहेत गं." आणि खिडकीतल्या त्या पिवळ्याधमक फुलांकडे बघत राहिली.