झाकलेलं डालगं

ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा हरिबा दचकून उठला. उद्या लेकीची हळद, आणि आज कोंबडं आरवलंच नव्हतं! एरवी पहाटे अंगणात कुणाचं पाऊल वाजलं तरी कोंबड्या कालवा करून सगळ्या घराला उठवायच्या.

"वर्षे!" त्यानं हाक मारली.

नववीतल्या वर्षाराणीचं अंथरूण रिकामं होतं. खुंटीवर दप्तरही नव्हतं.

तो धावत परसात गेला. कोंबड्यांच्या डालग्यावर त्याचीच जाड घोंगडी टाकलेली होती. पार जमिनीपर्यंत, आत उजेडाची तिरीपही जाणार नाही अशी. शेजारी त्याची बायको तारामती जोंधळे निवडत बसली होती.

"पोरगी कोंबड्या झाकून पळाली की गं! तुला जाग न्हाय आली?"

"तिनं न्हाय, म्या झाकल्या. पहिल्या गाडीनं परंड्याला लावून दिली तिला. तिच्या शाळंतल्या बाईंकडं."



तारामतीनं घोंगडी ओढून काढली. भर उन्हात कोंबडं आरवलं.

"माझं लगीन ठरलं तवा म्या आठवीत व्हते," ती म्हणाली. "माझ्या आईला हे सुचलं न्हाय."