२३०४ मधल्या सासू-सुना

लिफ्ट अकराव्या मजल्यावर आली, तोच फ्लॅट २३०४ मधल्या चिनी सुनेने सासूचा हात पकडला आणि तळव्यावर नख ओढलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. म्हातारीचे डोळे भरले. या आठवड्यात अपर्णाने हे तिसऱ्यांदा पाहिलं.

"छळतेय रे ती तिला," घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली. "एकमेकींशी बोलत नाहीत. परवा पार्किंगमध्ये चिठ्ठी कोंबली हातात. म्हातारीने वाचली आणि मान खाली घातली."

"काय होतं चिठ्ठीत?"

"मला काय कळणार? सगळी चिनी चित्रं!"

"रॉकेटं उडवतात, मग साधी एबीसी घ्यायला काय होतं यांना?" वासुदेव म्हणाला. "कुणाला कळू नये म्हणूनच असणार."

सोफ्यावरून त्याच्या आईचा आवाज आला. "वासू, बायकोला सांग तुझ्या, पोलिसांत कळव म्हणावं."

"वासुदेव, आईंना सांग, आधी सिक्युरिटीला कळवतेय."

अकरा दिवस घर असंच चाललं होतं. अपर्णाने उरलेली आमटी फेकली, तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी २३०४ मधल्या दोघी पुन्हा लिफ्टमध्ये भेटल्या. पुन्हा तेच नख. सिक्युरिटीसाठी मेसेज टाइप केलेला होता. पाठवायच्या खुणेवर अंगठा ठेवून अपर्णाने इंग्रजीत विचारलं, "काय करतेस त्यांना?"

पोरगी दचकली. "सांगतेय. तिचा तपासणीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून."

"मग तोंडाने सांग ना! दोघी चिनीच ना?"

"ती वेन्झोची, मी बीजिंगची. तिचं बोलणं मला कळत नाही, माझं तिला. लिहायची अक्षरं मात्र एकच. एबीसीत आवाज लिहितात. आमचे आवाजच वेगळे. एबीसी असती, तर एका घरात राहून मुक्या झालो असतो."

म्हातारीने अपर्णाचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोट फिरवलं. हलकं, खरबरीत बोट.

"काय म्हणतात?"

"जेवलीस का, विचारते."

अपर्णाने मेसेज पुसला.

घरी सासूबाई एकट्याच टीव्हीसमोर होत्या. "वासू," त्यांनी सवयीने हाक मारली, "विचार तिला, काय झालं त्या म्हातारीचं?"

वासू ऑफिसात होता. निरोप न्यायला घरात कुणीच नव्हतं. अपर्णा शेजारी जाऊन बसली. तिने सासूबाईंचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटाने सावकाश लिहिलं, जेवलात का?

सासूबाईंनी हात मागे घेतला नाही. नजर टीव्हीवरच ठेवून म्हणाल्या,

"तोंडाने विचार गं. गुदगुल्या होतात."