जोडीजोडीनं

चर्चच्या पायऱ्यांखाली ओरेथा एकटी उभी होती. धाकट्या भावाची, क्लीव्हनची शवपेटी आत नेऊन ठेवली होती. आता घरच्यांनी रांगेनं आत जायचं; ते बसल्याशिवाय कुणी गाणं उचलत नाही. मिस्टर लॉसन पांढरे हातमोजे चढवत तिच्याजवळ आले. गावातल्या काळ्या माणसांचं शेवटचं सगळं तेच बघत. त्यांच्या आधी त्यांचे वडील बघत.

“डेट्रॉइटचा भाचा येणार होता ना?”

“त्याचं रक्त धुवायचं मशीन आज असतं. ते सोडून आला असता तर तुम्हाला दुसरी पेटी मागवावी लागली असती.”

लॉसन हसले नाहीत. त्यांनी कोपर पुढं केलं. “मग माझा हात धरा, मिस ओरेथा. डॉक्टरनं तुम्हाला जिने चढायची मनाई केलीय म्हणे.”

“तुमचा हात कुणासाठी असतो ते मला ठाऊक आहे.”

“कुणासाठी?”

“ज्याचं कुणी उरलेलं नसतं त्याच्यासाठी. आणि तुमचे गुडघे काय मला माहीत नाहीत? मी पडले तर माझ्या आधी तुम्ही खाली असाल.”

“पडलो तर पडलो. माझी पेटी दुकानातच आहे.”

आता मात्र तिला हसू आलं, आणि त्या हसण्यानंही दम लागला. तिनं कठड्याला हात लावला, पण टेकली नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून कॅरल-ॲन लगबगीनं आली. हातात झाकलेलं ताट. वाचनालयात दोघींनी एकाच टेबलाशी नोकरी केली, सत्तरीचे वाढदिवसही एकाच महिन्यात झाले. आजच्या माणसांत ती एकटीच गोरी होती, आणि काळे कपडे तिनं नवे घेतलेले दिसत होते. खांद्याशी घडीची रेघ अजून मोडली नव्हती.

“अगं, मला काय बोलावं ते सुचतच नाही,” ती म्हणाली. “सवय नाही गं. आमच्याकडं आजोबा गेले तेवढंच, आणि तेव्हा मी शाळेत होते.”

“बोलायचं नसतंच काही. आलीस, झालं.”

“आईनं केक दिलाय. स्वतः उभं राहून केला. चौऱ्याण्णवची झाली, पण भट्टीपाशी कुणाला फिरकू देत नाही.”

ओरेथानं झाकण किंचित उचललं. लोण्याचा वास आला. केक कडेपर्यंत एकसारखा फुलला होता. ओरेथाची आई बावन्नाव्या वर्षी गेली, दुसऱ्याच्या घरचे कपडे इस्त्री करता करता.

“तिच्या हाताला अजून चव आहे म्हणून सांग,” ती म्हणाली.

“क्लीव्हनला दवाखान्यात नेलं होतं ना पण?”

“नेलं होतं. छातीत दुखतं म्हणाला. त्यांनी पोटात वायू धरलाय सांगितलं, गोळी देऊन परत पाठवलं. गोळी खिशातच राहिली.”

“त्याच दवाखान्यात? आमच्या भावाला तर तिथं जराशी कळ आली तरी...” कॅरल-ॲन थांबली. ताट तिनं या हातातून त्या हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, “मी चालू का तुझ्याबरोबर? एकटी कशी जाशील?”

तिचे डोळे खरोखरच भरले होते. ओरेथानं तिच्या खांद्यावरची रेघ हातानं सारखी केली.

“तू आत जाऊन बस. तिसऱ्या बाकावर. पुढचे दोन घरच्यांचे असतात.”

“पण ते तर...”

“असू देत.”

कॅरल-ॲन आत गेली. ओरेथानं रस्त्याकडं पाहिलं. पेकनचं झाड अजून होतं. आजोबांना पोचवलं तेव्हा रांग पायऱ्यांपासून त्या झाडाच्याही पलीकडं गेली होती. पुढं आजी, मग काका, आत्या, आई-बाबा, चुलत-मावस भावंडं, आणि अगदी शेपटाला ती आणि क्लीव्हन. इस्त्रीच्या सदऱ्यात तो घामेजला होता. आईनं बजावलं होतं, त्याचा हात सोडू नकोस. तांबड्या धुळीत नवे बूट माखले म्हणून तो चर्चपर्यंत रडला, आणि घामानं त्याचा हात तिच्या हातातून निसटत होता.

त्यानंतर दर खेपेला ती थोडी पुढं सरकली. बाबांच्या वेळी झाडाच्या अलीकडं. बहिणीला, बर्निसला साखरेच्या दुखण्यानं नेलं तेव्हा खालच्या पायरीशी. नवऱ्याच्या वेळी सगळ्यांत पुढं, पण तेव्हा शेजारी क्लीव्हन होता. म्हणाला होता, “घाबरू नको. या खेपेला मी धरतो.”

आतून पास्टरांचा आवाज उठला. हातपंख्यांची फडफड थांबली. लॉसननी दाराची दोन्ही कवाडं उघडली, सदऱ्याची कॉलर ठीक केली, आणि वडिलांकडून उचललेल्या त्याच सुरात, अंगणाकडं तोंड करून म्हणाले,

“जोडीजोडीनं या. मागच्यांनी अंतर पडू देऊ नका.”

अंगणात कुणी नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, हातमोज्यांकडं बघत राहिले.

“चुकलो, मिस ओरेथा.”

“नाही,” ती म्हणाली.

तिनं कठड्यावरचा हात काढला. अर्धं पाऊल डावीकडं सरकली, उजवीकडं एका माणसाची जागा सोडली, आणि पायऱ्या चढू लागली. हळू. मागच्यांना गाठता येईल इतकी हळू.